न केलेल्या परिक्रमेचं मावंदं

१८ नोव्हेंबर

हे गेले. पहाटेच्या गाडीनं लेकीबरोबर, क्षिप्राबरोबर, पुण्याला. पुण्याच्याही पलीकडे दारू सोडवायचं केंद्र आहे, तिथे तीन महिने, लागले तर थोडे जास्त. गावात सांगायचं, नर्मदा परिक्रमेला गेले. ही कल्पना माझी.

हरिहरेश्वरात पुरुषमाणूस तीन महिने दिसला नाही, तर लोक तीनच गोष्टी धरतात. मुंबईला मुलाकडे गेला, इस्पितळात आहे, किंवा परिक्रमेला गेला. आम्हाला मुलगा नाही. इस्पितळ म्हटलं की डबे घेऊन माणसं हजर. राहिली नर्मदा. कार्तिकी एकादशी नुकतीच झालेली, परिक्रमेला निघायचे दिवस. बेतशुद्ध जमलं.

हातात काठी दिली, पांढरं उपरणं दिलं. हे म्हणाले, "अंबिका, काठीचं मी तिथे काय करू?" म्हटलं, स्टँडपर्यंत तर धरा, पुढे क्षिप्राकडे द्या. मान खाली घालून निघाले. मी मागे राहून आळीत कोणाचा दिवा लागलाय का ते बघत होते. चंद्राकाकूंच्या ओटीवर लागला होता, पण त्या काकड्याला उठतातच.

क्षिप्रानं दोन जागा शोधल्या होत्या. एक अलिबागच्या बाजूला, एक ही. मीच लांबची निवडली. अलिबागला ठेवलं असतं तर तिसऱ्या दिवशी बातमी आमच्या खाणावळीत माझ्याआधी पोचली असती.

घर फार मोठं वाटतंय.

२ डिसेंबर

दयारामच्या दुकानात नारळ मोजून घेत होते. म्हणाला, "वहिनी, भाऊंचे फोटो येत असतील ना नर्मदेवरून?" मी हातातला नारळ पुन्हा मोजला. मग म्हटलं, फोन नेलाच नाही त्यांनी. तर म्हणतो, "बरोबर आहे. तिथं पहिल्यांदा फोन काढूनच घेतात."

परिक्रमेत फोन कोण काढून घेतं? दयारामला कशाचीही अर्धवट माहिती. आपल्या पथ्यावर पडली म्हणून गप्प बसले.

१५ डिसेंबर

काल भेटायचा दिवस होता. गावात सांगितलं, क्षिप्राला बरं नाही. निघताना सोनूबाई मासळीची पाटी घेऊन दारात. सुकटीची पुडी हातात कोंबली. "ताईला द्या. भाजून लसूण घातली का भाऊ दोन घास जास्ती जेवत्यात." भाऊ आता नर्मदेकाठी कंदमुळं खातायत हे बाईच्या डोक्यातून गेलंच होतं. मी हसले.

ह्यांचे हात अजून थरथरतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून पीत होते, लहान मूल दूध पितं तसे. पोफळी किती पिकल्या, पंप चालू आहे का, मांजरी व्यायली का, सगळं विचारलं. माझं काही विचारलं नाही, आणि मग निघताना एकदम म्हणाले, "तू एकटी जेवतेस?" मी म्हटलं, खाणावळ चालवणारी बाई एकटी कशी जेवेल? बाहेर येऊन चपला शोधायला मला फार वेळ लागला. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं.

१९ जानेवारी

पंप बिघडला होता. कोणाला सांगितलं नव्हतं, तरी गुणाजी सकाळीच पाना घेऊन वाडीत. सोनूबाईचा नवरा. चार वर्षांपूर्वी हा माणूस शिमग्यात कुंपणाला धरून घरी जायचा. मग कुठल्याशा देवाला नवस बोलला आणि सुटली म्हणतात. आता रविवार आला की टेम्पो घेऊन माणगावला मासळी विकायला जातो. दुपारी तीनला निघतो. दुपारी तीनला निघून मासळी कोण विकतं, देव जाणे. धंद्याची अक्कल नाही, पण हात चांगला आहे. पैसे घेतले नाहीत. "भाऊ आल्यावर बगू," म्हणाला.

हल्ली गावाला माझा फार पुळका आलाय. नवरा पुण्यकर्माला गेला की बायकोचा भाव वाढतो हे माहीत नव्हतं.

१ मार्च

हे आले!

एक घोळ झाला. परिक्रमेहून माणूस येतो तो वाळून, उन्हानं करपून. हे आले ते गोरे आणि गुबगुबीत. गालांवर तकाकी. लग्नातल्या फोटोत होते तसे दिसतात, केस सोडून. दयाराम स्टँडवरच भेटला. म्हणाला, "मैया मानवलीय भाऊ तुम्हाला." आणि ह्यांचा हात धरून उभाच राहिला, सोडेना.

संध्याकाळी आळी लोटली. माणसं पाया पडायला वाकली की हे पाय ओढून घेत. मी सांगत होते, विनय आहे.

मग चंद्राकाकू आल्या. त्यांचं वय पंच्याऐंशी आणि आवाज पंचविशीचा. "हरी, एवढी मोठी यात्रा करून आलास, मावंदं घालायला हवं हो. गावाला जेवू घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही." तिथल्या तिथे दिवसही काढला, शिमगा उरकला की, तेवीस तारखेचा रविवार. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण काय देणार?

रात्री हे म्हणाले, "अंबिका, हे नको." मी म्हटलं, एक दिवसाचं काम, मान खाली घालून पानं वाढायची, संपलं. हे उठून गेले, ओटीवर बसून राहिले. पण आले, घरी आले. आणखी काय हवं मला?

५ मार्च

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं की केंद्रातले महिने सोपे, खरी परीक्षा घरी. आठवड्यातून एकदा गटात येऊन बसायचं, बोलायचं. पुणं लांब वाटलं तर माणगावला रविवारी संध्याकाळी दारू सोडलेल्यांचा गट भरतो, तिथे जा.

माणगाव! माणगावच्या स्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलं तर अर्धा श्रीवर्धन तालुका भेटतो. शिवाय सभा संपते तेव्हा आपली शेवटची गाडी गेलेली. पुणंच बरं, म्हटलं.

आज दोघं गेलो. गावात सांगितलं, ह्यांच्या दाताचं काम आहे. अंधारात निघालो, ताम्हिणीत मला गाडी लागली, दुपारी पोचलो. तासभर गट. हे बाहेर आले तेव्हा चेहरा धुतल्यासारखा होता, मला बघून हसले. माणगावला परतीची गाडी चुकली, दीड तास बाकावर. स्टँडसमोर ओळीनं तीन दुकानं, सगळ्यांच्या पाट्या लुकलुकणाऱ्या. हे पाठ करून बसले. घरी आलो तेव्हा चेहऱ्यावरचं सगळं उतरलेलं होतं. प्रवासाचा शीण, दुसरं काय. पुढच्या वेळी एकटे जातील, मला खाणावळ सोडवत नाही.

८ मार्च

मावंद्याला नर्मदेचं पाणी पुजायला लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! परिक्रमा करून आलेला माणूस आणि घरात थेंबभर पाणी नाही. क्षिप्राला फोन केला, पुण्यात पूजेच्या दुकानात मिळतं का बघ. ती म्हणाली, "आई, मी असल्या गोष्टीत नाही," आणि ठेवला. कार्टी.

आणि संध्याकाळी चंद्राकाकू काठी टेकत आल्या, पदराखालून लाख लावलेला तांब्याचा गडू काढला. "माझ्या भाच्यानं ओंकारेश्वराहून आणलेला. हरीच्या धांदलीत राहिलं असेल गो. ठेव देवापाशी."

देव पाठीशी आहे. काकूंचंही आता वय झालं, नाहीतर परिक्रमा केलेला माणूस पाणी विसरून येतो कसा, हे त्यांनी नक्की विचारलं असतं.

११ मार्च

लिहवत नाही, पण लिहिते.

आज हे एकटे गेले. संध्याकाळी मागच्या वाडीतून, पोफळींतून गुणाजी ह्यांना धरून घेऊन आला. टेम्पो मागच्या पाणंदीत लावलेला. "भाऊंना गाडी लागली वैनी, लिंबू-पानी द्या," एवढंच म्हणाला आणि गेला.

गाडी लागली नव्हती. दारातच वास आला.

शिमग्याच्या गर्दीत माणगावहून पुण्याची गाडी सुटलीच नाही. पुढची तीन तासांनी. हे बाकावर बसले. तेवढंच पुरलं.

मी ओरडले नाही. पाणी तापवलं, अंघोळ घातली, पेज भरवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या पाठीकडे बघून मला राग यायला हवा होता. माया आली, आणि मग स्वतःचा राग आला.

एक बरं झालं, मासळीच्या टेम्पोत गुणाजीला वास काही कळला नसेल.

१२ मार्च

सकाळी मी घावन घालत होते. हे स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले, कितीतरी वर्षांनी.

"मला पुणं जमत नाही अंबिका," म्हणाले. "तिथे पोचलो की मी ठीक असतो. ती माणसं माझी आहेत. पण ती घाटापलीकडे. इथून निघाल्यापासून धाकधूक, पोचेपर्यंत टिकेन का. येताना तीच, घरापर्यंत टिकेन का. आणि गावात आलो की मी नर्मदेहून आलेला. दिवसभर कोणाशी एक खरं वाक्य बोलता येत नाही. सुपारीच्या भावाचं तेवढं खरं बोलतो."

मी म्हटलं, माझ्याशी बोला ना.

"तुझ्याशी?" म्हणाले, आणि हसले, वाईट नाही, मायेनं. "तू लगेच उपाय करतेस गं."

घावन करपलं. मी दुसरं घातलं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एकदा पाय घसरला म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण जवळचं माणूस शोधा, हाकेच्या अंतरावरचं. क्षिप्रा फोनवर रडली. "आई, तू बाबांना लोकांपासून लांब ठेवायला गेलीस आणि औषधापासून लांब ठेवलंस." एवढी मोठी झाली का ही? मी फोन ठेवला.

१४ मार्च

धुळवड. पालखी आळीत आली, ढोल दारात वाजत होते. हे माजघरात दार लावून बसले. बाहेर कोण कसा झिंगलाय ते सांगायला नको. मी दाराला पाठ लावून ओट्यावर उभी राहिले, ओटीचे नारळ दिले, हसले, सगळं केलं.

पालखी पुढे गेली आणि गुणाजी मागे राहिला. टोपी हातात. "वैनी, रयवारी भाऊंना माज्यासंगट माणगावला धाडा. तीनला निगतो, रातच्याला घरी सोडतो."

माझं डोकं भडकलं. शिमग्याच्या दिवसांत, हा एके काळचा पट्टीचा पिणारा, माझ्या नवऱ्याला माणगावला नेतो म्हणतोय! म्हटलं, गुणाजी, पंप दुरुस्त केलास, उपकार झाले, पण ह्यांना सोबत करायची तुला गरज नाही. तुझी संगत तुला लखलाभ. त्यानं टोपी घातली आणि गेला. आतून ह्यांनी ऐकलं असणार.

१६ मार्च

रविवार. दुपारी तीनला आमच्या कुंपणाच्या बेड्यापाशी टेम्पो थांबला. हॉर्न वाजला. हे ओटीवर उभे राहिले, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही. पुन्हा वाजला. मग टेम्पो गेला.

हे संध्याकाळपर्यंत ओटीवर तसेच. हाताला पुन्हा थरथर आहे. मावंद्याची यादी करायला घेतली, तांदूळ किती, गूळ किती. माझं लक्ष लागत नाही. आज रात्री हे उठून कुठे गेले तर मी काय करणार?

१७ मार्च

सोनूबाई आली. पाटी खाली ठेवलीच नाही, डोक्यावर तशीच. असं ती कधी करत नाही.

"वैनी, माजा नवरा काय घान हाय काय?"

मी म्हटलं, अगं, काय झालं?

"दर रयवारी माणगावला मासली इकाया नाय जात त्यो. तिकडं मंडली बसत्यात, दारू सोडल्याली. चार वर्सं जातोय. यकदाबी चुकवला न्हाय. तुमच्या भाऊंना त्येनंच उचलला ना स्टँडावरनं? टायम काडून तुमाला इचारायला आला, तर तुमी संगत काडलीत."

मी पायरीवर बसले. म्हटलं, नवस?

"नवस मीच सांगितला हुता. तुमी न्हाय का नरमदा सांगितलीत?"

मग पाटी उतरवली आणि माझ्याशेजारी बसली. मी विचारलं, कोणाकोणाला माहीत आहे? तिनं माझ्याकडं बघितलं. "म्हाईत नसल्याला कोन हाय? दयारामशेटचा सख्खा भाव पुन्याच्या त्याच ठिकानी हुता दोन वर्सामागं. समद्यांला म्हाईत हाय वैनी. पर तुमी नरमदा म्हनलात, मग आमीबी नरमदा म्हनलो. तुमचा मान नगो ठेवाया?"

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ओट्यावर, भर दुपारी, सगळ्या आळीसमोर. तिच्या लुगड्याला बोंबलाचा वास होता. मला हलावंसं वाटेना.

१८ मार्च

सकाळी आधी गुणाजीकडे गेले. तो जाळं शिवत होता. म्हटलं, चुकलं माझं. तो म्हणाला, "ऱ्हाऊं द्या. रयवारी तीनला." आणि शिवायला लागला. ह्यांच्याशी तो मग तासभर बोलला. काय ते मी विचारलं नाही. हे परत आले आणि दुपारी दोनदा भात मागून घेतला.

मग चंद्राकाकूंकडे. मावंदं रद्द म्हणून सांगायला. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या, आमच्याच पंगतीचे. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. काकूंचे हात थांबले नाहीत.

"ठाऊक आहे मला. तो गेला त्या दिवसापासून."

कसं, म्हटलं.

"ओटीवरून दिसत होता हो. परिक्रमेला जाणारा माणूस असा रडत जात नाही."

ते रडत होते. मला माहीतच नाही. मी आळीतले दिवे बघत होते.

काकू म्हणाल्या, "मावंदं का मोडतेस? नर्मदेला माणसं हौसेनं जातात. हा गेला ते हौसेनं गेला? आणि परत आला. मला विचारशील तर आता दोन पंगती जास्तीच्या घाल." मग सूप माझ्याकडे सरकवलं. "बस. खडे दिसत नाहीत मला हल्ली."

२३ मार्च, रविवार (लिहिते आहे सोमवारी)

मावंदं झालं. गडू पुजला. काकूंनी सांगितलं, नर्मदा काय, पाणी सगळीकडचं देवाचंच. ह्यांनी जेवणाआधी उभं राहून सांगायचं ठरवलं होतं. उभे राहिले, घसा खाकरला, पंगतीकडे बघितलं. "मी नर्मदेला गेलो नव्हतो," एवढंच म्हणाले. पुढचं येईना. शंभर माणसं पानावर बसलेली. मग दयाराम वरणाची बादली घेऊन उभा होता तो म्हणाला, "भाऊ, बसा, वरण निवतंय." आणि पंगत सुरू झाली. उकडीचे मोदक संपले, पुन्हा करावे लागले. एवढं जेवताना मी गावाला कधी बघितलं नाही.

दुसरी पंगत अर्ध्यावर होती आणि तीन वाजले. बेड्याशी हॉर्न. हे उठले, हात धुतले, माझ्याकडे बघितलं. मी पातेलं हातात घेऊन उभी. पंगतीतली माणसं जेवायची थांबली. कोणी विचारलं नाही कुठे. मग एकेक जण उष्ट्या हातानं उठून बेड्यापर्यंत आला, यात्रेला निघालेल्याला पोचवायला येतात तसा. दयारामनं टेम्पोपुढे नारळ फोडला. गुणाजी लाजून स्टिअरिंग पुसत बसला.

काकू मला म्हणाल्या, "तू कशाला थांबलीस? वाढायला आम्ही मेलोय का?" पातेलं हातातून काढून घेतलं. मी नेसत्या शालूनिशी टेम्पोत चढले. पुढे तिघं, मागे मासळीच्या रिकाम्या पाट्या. म्हसळ्याच्या चढावर ह्यांनी माझा हात धरला, लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदा. माणगावला स्टँडवरून गेलो. ती तीन दुकानं तिथेच होती. टेम्पो थांबला नाही.

शाळेच्या एका खोलीत पंधरा-वीस माणसं. बाकं लहान मुलांची, गुडघे मावत नव्हते. माझ्या शालूकडे सगळे बघत होते, त्याला मोदकांचा आणि मासळीचा मिळून वास येत होता. आमच्या खाणावळीला माल देणारा माणूस तिथे. मला बघून तो नमस्कार करून हसला, मीही केला. हे उभे राहिले, नाव सांगितलं आणि बोलले. मी दाराशी बसून ऐकलं. लग्नाला तीस वर्षं होतील, त्यातलं बरंचसं मला पहिल्यांदाच कळलं. मध्येच ते रडले. या वेळी मी त्यांच्याकडेच बघत होते.

शेवटी तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "वहिनी, तुम्हाला काही बोलायचंय?"

मला बोलायला कधी शब्द कमी पडत नाहीत. उभी राहिले, आणि काही सुचेना. म्हटलं, "आम्ही हरिहरेश्वरचे. पुढच्या रविवारी पण येऊ."

"पाडवा आहे पुढच्या रविवारी," ते म्हणाले.

"मग गुढी लवकर उतरवून येऊ," म्हटलं, आणि खाली बसले.